मागच्या सीटवरून

"अवं, तू पेपरात लिहितेस ना? मंग मले एक सांग, मर्सिडीज चांगली का बीएमडब्ल्यू? का ते चार बांगड्यावाली?"

सेलूहून आमच्या मोठ्या जाऊबाईंचा फोन. सकाळचे सव्वासात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पोह्याच्या कढईतला झारा. चार बांगड्यावाली म्हणजे ऑडी, हे कळायला मला जरा वेळच लागला. कळलं तेव्हा हसू आवरेना. या बाईचा सगळा प्रवास एस.टी.च्या लाल डब्यातून, नाहीतर भावजींच्या बजाज स्कूटरवर मागे, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर पोरगं घेऊन झालेला. ती सकाळी सकाळी मर्सिडीजची चौकशी करते आहे!

"ताई, तुम्हाला कशाला हवी हो मर्सिडीज?"

"मले नाई वं. पोराले पायजे. एफडी मोडून मांगून रायला. सही माही लागते."

मग माझं हसू थांबलं.

कारण ती एफडी कशाची, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. समृद्धी महामार्ग सेलू तालुक्यातून गेला, तेव्हा त्यांचं विहिरीजवळचं रान त्यात गेलं. मोबदला आला. त्यातून मुलीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला, मुलाच्या गिट्टी-रेतीच्या धंद्याला भांडवल मिळालं. उरले ते पंचवीस लाख भावजींनी दोघांच्या नावानं बँकेत ठेवले आणि दोन वर्षांनी ते गेले. आता सात टक्क्यांनी पंचवीस लाखांचं वर्षाचं व्याज होतं पावणेदोन लाख, म्हणजे महिन्याला साडेचौदा हजार. जाऊबाईंचं औषधपाणी, लेकीचं माहेरपण, कुणाकडे बारसं-लग्न असलं तर आहेर, सगळं त्यातून. मुलापुढे हात पसरावा लागत नाही. ती एफडी म्हणजे जाऊबाईंची पाठ आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आणि पुतण्या काही वाया गेलेला नाही, हेही सांगून टाकते. कष्टाळू आहे, आईला जपतो. पण त्याच्या बरोबरीच्या एका कंत्राटदार मित्रानं जुनी बीएमडब्ल्यू आणली आणि याची झोप उडाली. "काकू, साहेबलोकांकडं बिलासाठी जातो तर गेटवर कुणी ओळखत नाही. गाडी पाहिली की वॉचमन सलाम ठोकतो." हे त्याचं म्हणणं. खोटं कसं म्हणू? नागपूरला पाच-सहा वर्षं वापरलेल्या तीन गाड्या त्यानं हेरून ठेवल्या होत्या. एक मर्सिडीज, एक बीएमडब्ल्यू, एक ऑडी. तिन्ही बावीस ते पंचवीस लाखांच्या दरम्यान.

म्हणून मी कामाला लागले. गांधीजींच्या जिल्ह्यात राहून बाई आलिशान गाड्यांचा अभ्यास करते म्हणून कुणी नाक मुरडेल. मुरडा. पण बजाज स्कूटरमागचं घराणंही आपल्या वर्ध्याचंच, जमनालालजींचं. गाडी म्हटलं की वर्धेकरांनी कानावर हात ठेवावेत असं काही नाही! आणि शिवाय मैत्रिणींनो, घरातली दागिन्यांनंतरची सगळ्यात महाग खरेदी गाडीची. दागिन्याच्या वेळी आपल्याला दुकानात नेतात, गाडीच्या वेळी नुसती पूजेची थाळी घेऊन दारात उभं करतात. मला हे फार दिवसांपासून खुपतं.

तर आधी खपाचं बघू. पुतण्याचा पहिला मुद्दा हाच होता, "काकू, सगळ्यात जास्त विकते ती मर्सिडीज." खरं आहे. पण नेहमी असं नव्हतं. मर्सिडीज आपल्याकडे आली १९९४-९५ च्या सुमारास, आणि आली तीही आपल्या पुण्यात. तेव्हा या दर्जाच्या गाड्या इथं बनवणारं दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे श्रीमंत म्हणजे मर्सिडीज हे समीकरण बसलं ते बसलंच. २००७ मध्ये बीएमडब्ल्यूनं चेन्नईला कारखाना काढला आणि अवघ्या दोन वर्षांत, २००९ मध्ये, मर्सिडीजला मागे टाकलं. ऑडीच्या गाड्यांची जुळणी तर मराठवाड्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात व्हायला लागली. २०१३ मध्ये ऑडीनं १०,००२ गाड्या विकल्या. एका वर्षात दहा हजारांचा आकडा ओलांडला आणि पहिला नंबर पटकावला. मर्सिडीजनं मग लहान, त्यातल्या त्यात स्वस्त गाड्या आणल्या, तरुण गिऱ्हाईक ओढलं आणि २०१५ मध्ये १३,५०२ गाड्या विकून पुन्हा वर आली. तिथून २०२४ पर्यंत सलग दहा वर्षं ती पहिलीच. २०२४ चे आकडे असे : मर्सिडीज १९,५६५, बीएमडब्ल्यू तिच्या मिनी गाड्या धरून १५,७२१, आणि एके काळी पहिली असलेली ऑडी ५,८१६.

आता या आकड्यांनी दिपून जाऊ नका. मारुतीच्या गाड्या आपल्या देशात महिन्याला दीड लाखाच्या आसपास खपतात. म्हणजे मर्सिडीजचं वर्षभराचं काम मारुतीचं चार दिवसांचं. त्यातून चार वर्षांत पहिल्याचा दुसरा आणि दुसऱ्याचा तिसरा नंबर होतो, तो काही गाडी अचानक बिघडली म्हणून होत नाही. कुणी हप्ता कमी केला, कुणी लहान मॉडेल आणलं, कुणी जुनी गाडी परत घेण्याची हमी दिली. खप पाहून गाडी घेणं म्हणजे शेजारणीनं घेतली म्हणून तीच पैठणी घेण्यासारखं. पैठणी निदान पेटीत ठेवता येते.

खपाचा विषय निघाला की औरंगाबादची गोष्ट सांगायलाच हवी. (शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण गोष्ट त्याआधीची आहे.) ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक, बिल्डर, डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. एका दिवसात दीडशे! सगळ्यांची मिळून किंमत ६५ कोटींच्या आसपास. त्या अख्ख्या वर्षात साऱ्या देशात मर्सिडीजच्या ५,८१९ गाड्या खपल्या होत्या. आमचं शहर मागासलेलं समजू नका, इथंही पैसा आहे, हे दाखवणं हा त्यातला मोठा हेतू. घाऊक खरेदीमुळे सवलतही मिळाली. तेव्हा मला वाचून मजाच वाटली होती. आपण भिशीतल्या बायका एकत्र मिक्सर घेतो, यांनी मर्सिडीज घेतल्या!

पण पुढचं वाचलं आणि मजा संपली. या गाड्यांसाठी स्टेट बँकेनं चाळीस कोटींहून जास्त कर्ज दिलं, व्याज सात टक्के. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं. त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला व्याजाचा दर याच्या दुपटीच्या आसपास होता. आपला वर्धा जिल्हा २००६ मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता, आणि ते पॅकेज कशापायी आलं हे आपल्याला कुणी सांगायला नको. जाऊबाईंना हे फोनवर सांगितलं तर त्या थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याईले सात टक्क्यानं गाडी भेटली, अन् मले सात टक्क्यानं मीठमिरची भेटते." हिशेब सोपा करून सांगण्यात आमच्या जाऊबाईंचा हात कुणी धरणार नाही.

आता चालवायला कोणती चांगली? पुतण्याचा दुसरा मुद्दा. इथं मात्र तो चुकीचा नव्हता. या तिन्ही गाड्यांचे स्वभाव खरंच वेगळे आहेत, जसे तीन बहिणींचे असतात.

बीएमडब्ल्यू ही चालवणाऱ्याची गाडी. तिच्या बऱ्याच मॉडेलांत इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते. (सगळ्यात नाही, लहान मॉडेलांत पुढच्या चाकांना जाते.) गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं असतं. त्यामुळे वळणावर गाडी हाताबाहेर गेल्यासारखी वाटत नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच ऐकते. स्टिअरिंगवर बसणारा खूश. मागे बसलेल्या सासूबाईंना खड्डा जरा जास्त कळतो, असं तिचे चाहतेही कबूल करतात.

ऑडीचं वैशिष्ट्य चारही चाकांना ताकद देणारी क्वात्रो नावाची पद्धत. ती १९८० मध्ये आली. बर्फात, चिखलात, निसरड्या रस्त्यावर गाडी घट्ट धरून राहते. पण तीही सगळ्याच ऑडींमध्ये नसते, विचारून घ्यावं लागतं. आणि हे क्वात्रो जगाला माहीत करून देण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे, हे मला या निमित्तानं कळलं. फ्रान्सची मिशेल मुतों. १९८१ मध्ये इटलीतली सॅन रेमो रॅली तिनं ऑडी क्वात्रो चालवून जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली बाई. पुढच्या वर्षी तीन फेऱ्या जिंकून ती जगात दुसरी आली. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणतो, "हो का?" आणि लगेच टायरच्या रुंदीवर बोलायला लागला!

मर्सिडीज ही मागे बसणाऱ्याची गाडी. मऊ, शांत, आतमध्ये बाहेरचा आवाज कमी. आपल्याकडच्या मालकांना ड्रायव्हर ठेवून मागे बसायला आवडतं, हे कंपनीनं बरोबर हेरलं आणि २०१७ मध्ये ई-क्लास भारतात जास्त लांबीची आणली, मागच्या माणसाला पाय पसरता यावेत म्हणून. नंतर बीएमडब्ल्यूनंही आपल्याकडे तशा लांब गाड्या आणल्याच. गंमत बघा, मागच्या सीटवर मालक बसला की ती ‘ओनर्स सीट’ होते. आपण बसलो की, "तू मागे बस, पोरांना घे, पिशव्या पायाशी ठेव."

मर्सिडीज हे नावसुद्धा एका मुलीचं आहे बरं का. एमिल येलिनेक नावाचा एक श्रीमंत व्यापारी या गाड्या शर्यतीत उतरवायचा आणि विकायचा. त्यानं १९०१ च्या गाडीला आपल्या अकरा वर्षांच्या लेकीचं नाव दिलं. पण माझ्या मनात बसली ती लेक नाही, तिच्याही आधीची एक बाई. बर्था बेंझ.

मर्सिडीज-बेंझमधल्या ‘बेंझ’ची, म्हणजे कार्ल बेंझची ही बायको. लग्नाआधीच तिनं आपल्या हुंड्याच्या पैशातला वाटा कार्लच्या बुडत्या धंद्यात घातला होता. त्यानं मोटारगाडी बनवली खरी, पण ती घेऊन लोकांसमोर जायला माणूस बुजायचा. विकणार कशी? शेवटी ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, बर्थानं दोन मुलांना बरोबर घेतलं आणि तीन चाकांची ती गाडी घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. वय ३९. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. म्हणजे आपल्या वर्ध्याहून नागपूर गाठायचं आणि वर आणखी पंचवीस-तीस किलोमीटर. तोवर इतक्या लांब मोटारगाडी कुणी नेलीच नव्हती. पेट्रोलपंप कुठून असणार? इंधन संपलं तेव्हा वाटेतल्या विस्लॉख गावी औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेऊन तिनं टाकीत ओतलं. नळीत कचरा अडकला तो टोपीच्या पिनेनं काढला. उघडी पडलेली तार मोज्याच्या पट्ट्यानं गुंडाळली. ब्रेकची लाकडं झिजली तेव्हा चांभाराकडे जाऊन त्यांना कातडं ठोकून घेतलं. चढावर पोरांनी खाली उतरून ढकललं. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली, आम्ही आलो म्हणून. त्या प्रवासानं गाडीचं नाव झालं, आणि चढ चढायला आणखी एक गिअर लागतो हेही तिच्याच सांगण्यावरून कळलं.

आलिशान गाडीची पहिली लांब चाचणी घेतली ती एका बाईनं, स्वतःचा पैसा घातलेल्या बाईनं, आणि टोपीच्या पिनेनं. हे मी जाऊबाईंना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यांनीच "ते पिनवाली सांग" म्हणून फर्माईश केली म्हणून.

आता खरा प्रश्न, भरवशाचा. इथं पुतण्याकडे मुद्दाच नव्हता. "जर्मन गाडी आहे काकू, लोखंड आहे लोखंड." अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाची संस्था दरवर्षी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारते, की गेल्या वर्षभरात काय काय बिघडलं. दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, त्यावर क्रम लावते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी पहिला नंबर लेक्ससचा. ही टोयोटाची महागडी बहीण, जपानी. जर्मन गाड्या यात तिच्या मागेच असतात. लँड रोव्हर, जी २००८ पासून आपल्या टाटांकडे आहे, दिसायला राजेशाही, पण २०२३ च्या यादीत तळाला होती. मात्र एक सांगायला हवं, या तक्रारींत मोठा भाग पडद्याचा, फोन न जुळण्याचा, आवाज ऐकून काम न करण्याचा असतो. गाडीत जितके लाड जास्त, तितक्या रुसायच्या जागा जास्त. साधी गाडी रुसणार कशावर?

मग लेक्ससच का घेऊ नये? ती भारतात २०१७ मध्ये आली, २०२० पासून तिचं एक मॉडेल कर्नाटकात जुळवलं जातं. पण दालनं मोजक्या मोठ्या शहरांत. आपल्यासारख्या गावातल्या माणसाला भरवसा म्हणजे नुसता ‘बिघडत नाही’ एवढाच नसतो. ‘बिघडली तर कोण येईल’ हा त्याचा दुसरा अर्धा भाग. सासर निवडताना घर किती मोठं याबरोबर माहेर किती लांब हेही बघतातच की. या गाड्यांसाठी वर्ध्यातून नागपूर गाठावं लागतं, पंचाहत्तर किलोमीटर. आर्वी किंवा आष्टीकडची बाई असेल तर अजून लांब.

आणि जुन्या आलिशान गाडीचं सगळ्यात मोठं गुपित असं, की गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांची गाडी पाच-सहा वर्षांत पंचवीसवर येते ते उगाच नाही. कंपनीची हमी साधारण पहिल्या तीनेक वर्षांची. ती संपल्यावर हवेवर चालणारं सस्पेन्शन गळायला लागलं, गिअरबॉक्स अडखळला, तर येणारं बिल साठ लाखांच्या गाडीचंच असतं. पहिला मालक नेमका त्याच्या आत गाडी विकून मोकळा होतो. तो शहाणा. आपण ‘अर्ध्या किमतीत मर्सिडीज’ म्हणून पेढे वाटतो.

टायरचं उदाहरण घ्या. बीएमडब्ल्यूसारख्या कित्येक गाड्यांत हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतात, म्हणून स्टेपनी दिलेलीच नसते. साधारण ऐंशी किलोमीटर, तेही हळूहळू, जाता येतं. तेवढ्यात ठिकाण गाठायचं. आर्वी नाक्यावरचा आमचा नेहमीचा पंक्चरवाला अशा टायरला हात लावायला कचरतो. नवीन घ्यायचा तर एकाचे पंचवीस ते तीस हजार, असं आम्हाला सांगण्यात आलं. एक टायर म्हणजे जाऊबाईंचं दोन महिन्यांचं व्याज.

"आम्हाला सांगण्यात आलं" असं लिहिलं, कारण आम्ही खरंच गेलो होतो. मी म्हटलं, ताई, ज्या गाडीसाठी सही करायची ती निदान डोळ्यांनी बघा. एका रविवारी पुतण्याच्या जुन्या वॅगनआरमधून आम्ही नागपूरला गेलो. जुन्या भारी गाड्या विकणारं दुकान, काचेचं, थंडगार. जाऊबाईंनी ठेवणीतली नारायणपेठ नेसलेली. तिथला मुलगा चांगला होता, पाणी दिलं, कॉफी दिली. पण तासाभरात त्यानं जे काही सांगितलं ते सगळं पुतण्याकडे बघून. आमच्याकडे वळून एकदाच म्हणाला, "मॅडम, सनरूफ बघा ना, मुलांना आवडतं." आमच्याबरोबर मूल तर एकही नव्हतं!

चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. पुतण्या चालवायला, तो मुलगा शेजारी, आम्ही दोघी मागे. गादी लोण्यासारखी. जाऊबाई हळूच हात फिरवत होत्या, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. का नसावा? आयुष्यभर उन्हातान्हात राबलेल्या बाईला थंड, मऊ गादीवर बसावंसं वाटलं तर तिला मोह म्हणायचं का? मलाही उतरावंसं वाटत नव्हतं. या गाड्या चांगल्या असतात हो, उगाच कोल्ह्याला द्राक्षं आंबट कशाला म्हणा.

मी पट्टा लावला. त्यांना म्हटलं, "ताई, तुम्हीही लावा." पुतण्या आरशातून बघत म्हणाला, "काकू, मागं कशाला? इतक्या एअरबॅग आहेत." तेव्हा मात्र मी जरा चढ्या आवाजात बोलले. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी मर्सिडीज होती. पुढे बसलेले दोघं वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांच्याबरोबरचे एक जण गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीनं काम करते, पट्ट्याऐवजी नाही. गाडी थांबते, आपलं अंग थांबत नाही, ते त्याच वेगानं पुढच्या सीटवर जाऊन आपटतं. मागच्या सीटवर पट्टा लावणं कायद्यानंही सक्तीचं आहे, न लावल्यास हजार रुपये दंड. आपल्या दाराशी समृद्धी आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू झाली, ५ जून २०२५ ला थेट मुंबईच्या बाजूपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झाली. येळाकेळीला चढलं की गाडीला ताशी १२० ची मुभा. तिथं झोप लागते, टायर फुटतात, आणि मागे आपण मांडीवर नातू घेऊन बसलेल्या असतो, पट्टा पाठीमागे दाबून, टोचतो म्हणून!

जाऊबाईंनी पट्टा लावला. नारायणपेठेचा पदर त्यात अडकला, तो सोडवून पुन्हा लावला.

परत दुकानात आलो तेव्हा त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. आदल्या रात्री आम्ही दोघींनी मिळून लिहिली होती. मला वाटलं होतं मलाच विचारावं लागेल. पण त्यांनी चष्मा लावला आणि त्या मुलाला एकेक विचारायला लागल्या. वर्षाला सर्व्हिसिंगचा खर्च किती? मागच्या मालकाची सर्व्हिसिंगची सगळी बिलं आहेत का? हमी किती उरली, आणि वाढवून घ्यायची तर किती पैसे? चार टायर बदलायचे तर किती? विमा किती? रात्री आर्वीजवळ बंद पडली तर उचलायला कोण येईल, किती वेळात, अन् पैसे कोण देईल? आणि तीन वर्षांनी हीच गाडी तुम्हाला परत विकली तर तुम्ही काय द्याल?

शेवटच्या प्रश्नावर तो मुलगा हसला. पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघून म्हणाला, "मॅडम, हे कुणी विचारत नाही." आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की मॉडेल आणि किलोमीटर बघून आज मागतोय त्याच्या निम्मे, कदाचित त्याहून कमी. जाऊबाईंनी चिठ्ठीवर आकडा लिहून घेतला. कागदावर त्यांचं अक्षर फार सुरेख आहे, सातवीपर्यंतच शिकल्यात.

येताना वॅगनआरमध्ये कुणी बोललं नाही. बुटीबोरीला चहाला थांबलो. पुतण्या म्हणाला, "आई, नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण." त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि मला त्याचंही वाईट वाटलं. गेटवरचा सलाम त्याला हवाय, त्यात त्याचं काय चुकलं? साध्या गाडीतल्या माणसाला आपण सगळेच कसे बघतो ते मी पाहिलंय. लग्नात भाड्याच्या ऑडीतून उतरणाऱ्या नवरदेवाकडे आपणही माना उंचावून बघतोच. जाऊबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाल्या, "नाई म्हनून नाई रायली. मी विचार करून रायली."

पैसे बाजूला ठेवून माझं मत विचारलंत तर चालवायला बीएमडब्ल्यू, बसायला मर्सिडीज, आणि नुसत्या भरवशावर घ्यायची तर लेक्सस. पण पैसे बाजूला ठेवता येत नसतील, तर पाच-सहा वर्षं जुनी कुठलीही भारी गाडी त्याच माणसानं घ्यावी, ज्याच्याकडे गाडीच्या किमतीशिवाय तिच्या आजारपणाचे पैसेही वेगळे ठेवलेले आहेत. एफडी मोडून तर मुळीच नको. कर्ज काढून घ्यायची तर हप्ता धंद्यातून निघतोय का, हे धंद्याच्या वहीत बघावं, आईच्या पासबुकात नव्हे. हे मी पुतण्याला तोंडावर सांगितलं आणि आठ दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही.

परवा त्याचा स्वतःहून फोन आला.

"काकू, तुम्ही आईला काय शिकवून ठेवलंय? नवीन पार्टीची गाडी बघायला गेलो होतो, सोबत चल म्हणालो तर आधी म्हणते मागच्या मालकाची बिलं माग. बिलं आणली तर चष्मा लावून बसली. म्हणते, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटरले दोनच टायर कसे काय बदलले रे? बाकीचे दोन कोनाच्या गाडीचे हायेत?"

"मग? काय उत्तर दिलंस?"

"काय देणार? त्या पार्टीला विचारलं तर त्यानं फोनच ठेवला."